घर, रोजंदारी आणि कादंबरीची वही



गटाच्या बैठकीत आपण शेळीपालनाचं बोलतो, शिलाई मशीनचं बोलतो, कुरडया-पापडांच्या पॅकिंगचं बोलतो. आज एका वेगळ्या कामाबद्दल बोलायचं आहे. हे काम आपल्यातल्या काही जणी करतात, पण कुणाला सांगत नाहीत. वही पिठाच्या डब्यामागे असते, नाहीतर गादीखाली. पोरं झोपली की ती बाहेर निघते आणि कुणाची चाहूल लागली की पुन्हा आत जाते. हे काम म्हणजे लिहिण्याचं. कुणी ओव्या लिहितं, कुणी कविता, कुणी गोष्टी. एखादी तर अख्खी कादंबरी लिहायला बसलेली असते.

गटांच्या कामासाठी आम्ही गावोगाव फिरतो. वह्या तपासायला गेलो की बैठक संपल्यावर एखादी मागे थांबते आणि हळूच दुसरी वही पुढे करते. त्यावेळी आम्हाला फिरून फिरून तीनच प्रश्न विचारले जातात. एक, घर आणि रोजंदारी सांभाळून एवढं मोठं लिहायचं कसं? दोन, लिहिलेलं पाठवायचं कुठे आणि कसं? तीन, ‘पैसे भरा, पुस्तक काढून देतो’ असं कुणी म्हणालं तर भरायचे का?

या तिसऱ्या प्रश्नावरून पाथर्डी भागातल्या एका गटात चांगलाच वाद झाला. गटातली एक ताई घरी ब्लाउज शिवते आणि हंगामात खुरपणीला जाते. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की कोयता घेऊन टोळी निघायची आणि ही धाकट्या भावाला सांभाळत आजीजवळ राहायची. त्या सहा महिन्यांच्या गावावर, म्हातारी माणसं आणि लेकरं एवढीच मागे राहिलेल्या गावावर तिने कादंबरी लिहिली. दोनशे पानी तीन वह्या भरल्या. मग कुणीतरी फोनवर सांगितलं, चाळीस हजार भरा, तीनशे प्रती छापून देतो. ताईने गटाकडे चाळीस हजारांचं कर्ज मागितलं.

सचिवबाई म्हणाल्या, “म्हशीचं कर्ज दुधातून फिटतं. हे कशातून फिटणार?” त्यावर दुसरी म्हणाली, “लग्नाला कर्ज देतो तेव्हा कधी विचारलंय का, कशातून फिटणार?” दोघींचंही खरं होतं. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आणि तोवर माहिती काढायचं काम आमच्याकडे आलं. जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर मांडतो आहोत.

आपल्या आधी ज्यांनी लिहिलं

लिहिणं हे रिकाम्या माणसांचं काम, असं आपण ऐकत आलो. मराठीतली चांगली पुस्तकं कुणी लिहिली ते पाहिलं तर हे खरं वाटत नाही.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नव्हतं, अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. पती नारायण वामन टिळक मोठे कवी, पण फिरस्ते आणि पैशाच्या बाबतीत बेहिशेबी. नगर आणि राहुरीला लक्ष्मीबाईंचा मोठा काळ गेला. घरात सतत माणसांचा राबता, पैशाची ओढाताण आणि त्यात मुलं सांभाळायची. पतीच्या निधनानंतर त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ आधी ‘संजीवनी’ या नियतकालिकात क्रमाने आली आणि मग १९३४ पासून पुस्तकरूपात निघाली. पहिला भाग आला तेव्हा त्यांनी पासष्टी ओलांडली होती. आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांची यादी केली तर या पुस्तकाशिवाय ती पुरी होत नाही. ‘आता या वयात काय लिहायचं’ असं म्हणणाऱ्या मैत्रिणींनी एवढं ध्यानात ठेवावं.

फलटणच्या बेबीताई कांबळे तर अगदी आपल्यातल्याच. चौथीपर्यंत शिक्षण, तेराव्या वर्षी लग्न. नवराबायकोने आधी द्राक्षं विकली, मग भाजी, मग किराणा मालाचं छोटं दुकान टाकलं. सामान बांधायला आणलेल्या रद्दीतले कागद बेबीताई गल्ल्यावर बसून वाचायच्या. वाचनाची गोडी लागली, वाचनालयातून पुस्तकं येऊ लागली आणि मग लिहिणं सुरू झालं, तेही घरच्यांपासून लपवून. लिहिलेले कागद कितीतरी वर्षं अडगळीत पडून होते. फलटणमध्ये शिक्षणाचं काम करणाऱ्या मॅक्सिन बर्नसन यांना त्या लिखाणाचा पत्ता लागला आणि ते छापावं म्हणून त्यांनी बेबीताईंना भरीला घातलं. ‘जिणं आमुचं’ आधी ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आलं आणि १९८६ मध्ये त्याचं पुस्तक झालं. पुढे माया पंडित यांनी त्याचं इंग्रजी भाषांतर केलं आणि फलटणच्या दुकानात लिहिलेलं ते पुस्तक देशोदेशीच्या विद्यापीठांत पोचलं.

ऊर्मिला पवार सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करत होत्या. नोकरी, मुलं, घर आणि त्यातच एम.ए.चा अभ्यास. याच धावपळीत त्यांनी कथा लिहिल्या आणि २००३ मध्ये ‘आयदान’ हे आत्मकथन आलं. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या-सुपं. त्यांची आई ती विणून घर चालवायची. आईचं विणणं आणि आपलं लिहिणं त्यांना एकाच जातीचं काम वाटलं.

पुरुषांचंही फार वेगळं नाही. अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले. मुंबईत पडेल ती मजुरी केली, गिरणीत राबले आणि १९५९ मध्ये ‘फकिरा’ लिहिली. आपल्या जिल्ह्यातले रंगनाथ पठारे संगमनेरच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत होते. तो पगार चालू असतानाच त्यांनी कादंबऱ्या लिहिल्या. ‘ताम्रपट’ला १९९९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दूर अमेरिकेत टोनी मॉरिसन प्रकाशन संस्थेत नोकरी करायच्या आणि दोन मुलांना एकटीने वाढवायच्या. मुलं उठायच्या आत, पहाटे त्या लिहीत. १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. लिहायला सुरुवात केली तेव्हा यांच्यापैकी कुणी पोटाचं काम सोडलं नव्हतं. पोटाचं काम चालू होतं म्हणूनच लिहिणं टिकलं.

पंचसूत्री लिहिण्यालाही लागू पडते

गटाची पंचसूत्री आपल्याला तोंडपाठ आहे. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित नोंदी. लिहिणाऱ्या ताईला आम्ही हेच सांगतो.

पहिलं, बैठक. रोजची एक वेळ ठरवायची. ती पहाटेची असो, दुपारी लाइट गेल्यावरची असो की रात्री भांडी घासून झाल्यावरची. अर्धा तास पुरे. सुचलं तर बसू असं म्हटलं की बसणं होत नाही. सभासद जमल्या नाहीत म्हणून आपण बैठकीची तारीख सोडत नाही, तसंच हे.

दुसरं, बचत. साधारण कादंबरी चाळीस-पन्नास हजार शब्दांची असते. आकडा ऐकून छाती दडपते. पण वहीच्या एका पानावर दीडशे शब्द बसतात असं धरा. रोज एक पान लिहिलं तर तीनशे दिवसांत पंचेचाळीस हजार शब्द होतात. सुगीचे दिवस, लग्नसराई, दुखणीखुपणी यासाठी वर्षातले पासष्ट दिवस सोडले तरी एका वर्षात कादंबरीचा पहिला खर्डा तयार. महिन्याला शंभर रुपये टाकून गटाचे लाख होतात हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही एका बालविधवेची कहाणी सांगणारी कादंबरी. तीसुद्धा एका दमात छापली गेली नाही. १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात ती थोडी थोडी येत होती. मोठं काम तुकड्यातुकड्यांनीच होतं.

बचतीचा आणखी एक प्रकार आहे. खुरपताना, शिवताना एखादं वाक्य सुचतं आणि संध्याकाळपर्यंत विसरतं. ते लगेच मोबाइलमध्ये बोलून ठेवावं. आता मोबाइलच्या कीबोर्डवर माइकचं चित्र दाबून मराठीत बोललं की अक्षरं उमटतात. चुका होतात, पण त्या नंतर दुरुस्त करता येतात. ज्यांचा हात लिहिण्याला सरावलेला नाही त्यांना याचा फार उपयोग होतो.

तिसरं, कर्ज. लिहायला लागणारा वेळ आपण घराकडून घेतो, हे उघड बोलावं. जाऊबाईला, सासूबाईंना, नवऱ्याला सांगावं की मला रोज अर्धा तास हवा आहे. लपवून लिहिणं बेबीताईंना भाग होतं. आपल्याला ते भाग असेल तर तसं करू, पण सांगता येत असेल तर सांगून मागावं. सांगितल्यावर किमान कागद तरी रद्दीत जात नाहीत.

चौथं, परतफेड. घेतलेला वेळ परत करायचा. जाऊबाईने संध्याकाळचा स्वयंपाक सांभाळला तर तिच्या मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत आपण सांभाळायचा. दर महिन्याला थोडं लिहिलेलं घरात वाचून दाखवायचं. ऐकणाऱ्या माणसाचा विरोध हळूहळू मावळतो, असं आम्ही दोन-तीन घरांत पाहिलं.

पाचवं, नोंदी. त्यांचं खरं काम लिखाण बाहेर पाठवायला लागलं की सुरू होतं.

पाठवायचं कुठे, कसं

पहिल्याच झटक्यात कादंबरी घेऊन प्रकाशकाकडे जाऊ नये. आधी लहान गोष्टी पाठवाव्यात. वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या, मासिकं, दिवाळी अंक ही त्याची ठिकाणं. दिवाळी अंक ही आपल्या मराठीची खासियत. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तिथून ही प्रथा रुजली. आज दरवर्षी शेकडो अंक निघतात आणि नव्या माणसाला तिथे जागा मिळू शकते.

पण दिवाळी अंकासाठी दिवाळीत लिहून चालत नाही. बहुतेक अंकांचं साहित्य जून ते ऑगस्टमध्ये गोळा होतं. नेमकी तेव्हाच आपली पेरणी आणि खुरपणी असते. म्हणून उन्हाळ्यात, शेतात काम कमी असताना गोष्ट पूर्ण करून ठेवावी आणि मे अखेरीस पाठवून मोकळं व्हावं.

पाठवताना काही गोष्टी पाळाव्यात. कागदाच्या एकाच बाजूला लिहावं किंवा टाइप करावं. समास सोडावा, पानांना आकडे घालावेत. पहिल्या पानावर नाव, पत्ता आणि फोन नंबर द्यावा. सोबत चार ओळींचं पत्र असावं, त्यात आपण कोण आणि काय पाठवतो आहोत एवढंच लिहावं. दारिद्र्याची कहाणी सांगून गोष्ट छापा अशी विनवणी करू नये. गोष्ट तिच्या बळावर उभी राहिली पाहिजे.

मूळ वही कधीही, कुणालाही द्यायची नाही. झेरॉक्स द्यावी. कुणी कितीही मोठा साहित्यिक असला आणि ‘वाचून देतो’ म्हणाला तरी झेरॉक्सच. शिवाय प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून तो आणखी एका माणसाच्या फोनवर ठेवावा. वही भिजते, उंदीर कुरतडतात, आणि पोरं पानं फाडून होड्या करतात.

एक गोष्ट एका वेळी एकाच ठिकाणी पाठवावी. दोन संपादकांनी एकदम छापली तर दोघंही पुन्हा आपल्याला उभं करणार नाहीत. म्हणून रजिस्टर ठेवायचं. गोष्टीचं नाव, कुठे पाठवली, कोणत्या तारखेला, पोच आली का, काय उत्तर आलं, असे पाच रकाने. तीन-चार महिने वाट पाहावी. मग एक नम्र फोन करावा. तरीही उत्तर नाही आलं तर ‘मी ही गोष्ट दुसरीकडे पाठवत आहे’ असं कळवून पुढचं ठिकाण गाठावं.

गोष्ट ‘साभार परत’ येणार, हे आधीच धरून चालावं. साभार परत म्हणजे ‘तू मूर्ख आहेस’ असं नव्हे. कधी अंक भरलेला असतो, कधी विषय त्यांच्या अंकात बसत नाही, आणि कधी गोष्ट खरंच कच्ची असते. दोन-तीन ठिकाणांहून परत आली की मैत्रिणीला वाचून दाखवावी आणि ती कुठे कंटाळते ते पाहावं. एक गोष्ट बाहेर असेल तेव्हा दुसरी लिहायला घ्यावी. नाहीतर पोस्टमनची वाट पाहण्यातच वर्ष जातं.

पुस्तक आणि पैसा

आता चाळीस हजारांकडे येऊ.

प्रकाशक स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढतो तेव्हा लेखकाला दर प्रतीमागे मानधन मिळतं, त्याला रॉयल्टी म्हणतात. ती साधारण छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असते. समजा पुस्तकाची किंमत तीनशे रुपये, म्हणजे एका प्रतीमागे तीस रुपये. पाचशे प्रती खपल्या तर पंधरा हजार. तेही एकदम नाही, वर्षा-दोन वर्षांत. कथा छापणारे काही अंक थोडं मानधन देतात, काही नुसतीच अंकाची प्रत देतात. तेव्हा पुस्तक आलं की शिलाई सोडून देऊ, असा हिशोब कुणी करू नये.

लेखकाने पैसे भरून पुस्तक काढलं तर हिशोब उलटा होतो. चाळीस हजारांत तीनशे प्रती म्हणजे एक प्रत साधारण १३३ रुपयांना पडली. किंमत अडीचशे ठेवली आणि दुकानदाराला किंवा वितरकाला चाळीस टक्के सूट दिली तर हातात दीडशे येतात. म्हणजे नुसतं मुद्दल निघायला २६७ प्रती खपायला हव्यात. त्या कोण खपवणार? फोनवरचा माणूस छापून देतो म्हणाला होता. विकून देतो, असं म्हणाला नव्हता. तीनशे पुस्तकांचे गठ्ठे घरी येतात, पाहुण्यांना भेट दिले जातात आणि उरलेले पोटमाळ्यावर जातात.

गटाचं व्याज शेकडा दोन रुपये धरलं तर चाळीस हजारांवर पहिल्याच महिन्याला आठशे रुपये व्याज. खुरपणीचा रोज तीनशे धरला तर मुद्दल म्हणजे १३३ दिवसांची मजुरी. आकडे असे समोर मांडले तेव्हा बैठकीत सगळ्याच गप्प झाल्या.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणं वाईट आहे, असं आम्ही म्हणत नाही. हातात जास्तीचे पैसे असतील, गावोगाव ओळखी असतील आणि विकायची तयारी असेल तर जरूर काढावं. पण आधी हे लिहून घ्यावं: प्रती किती, कागद कोणता, केव्हा देणार, विक्री कोण करणार, न खपलेल्या प्रती कुणाच्या, आणि पैशाची पक्की पावती. पुस्तकावर जो आयएसबीएन क्रमांक असतो, तो केंद्र सरकारची राजा राममोहन राय एजन्सी फुकट देते. त्यासाठी कुणी हजारो रुपये मागत असेल तर तिथेच सावध व्हावं.

पहिलं पुस्तक पैसे भरून घाईने काढलं तर आणखी एक नुकसान होतं. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ ही राज्य सरकारची संस्था १९६० पासून आहे. तिची नवलेखक अनुदान योजना आहे. ज्यांचं एकही पुस्तक निघालेलं नाही अशा लेखकांची हस्तलिखितं ते मागवतात. निवड झाली तर पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान देतात. कविता, कथा, कादंबरी असे साहित्यप्रकार त्यात असतात. मंडळाची जाहिरात निघते, तेव्हा त्यातले नियम आणि तारीख नीट वाचून हस्तलिखित पाठवावं. आपणच पैसे भरून एक पुस्तक आधी काढलं तर पुढचं पुस्तक ‘पहिलं’ राहत नाही आणि ही वाट बंद होते.

सही करण्याआधी

लिहिलेल्या मजकुराचे हक्क हेही आपलं धनच आहे. सातबारा जपतो तसे ते जपायला हवेत.

आपल्या देशात कॉपीराइटचा कायदा १९५७ चा आहे. आपण गोष्ट लिहिली त्याच क्षणी तिचा हक्क आपला होतो. नोंदणी करता येते, पण सक्तीची नाही. हा हक्क लेखकाच्या हयातभर राहतो आणि मृत्यूनंतर साठ वर्षं त्याच्या वारसांकडे राहतो. म्हणजे आपल्या कादंबरीचं मानधन नातवंडांपर्यंत जाऊ शकतं.

हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि आपली सही लागते. तोंडी बोलण्याने हक्क जात नाही. करारात कोणता हक्क दिला, किती वर्षांसाठी दिला, कोणत्या प्रदेशासाठी दिला आणि त्याचं मानधन किती, हे लिहिलेलं असावं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षांची धरतो. करारात ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ असे शब्द दिसले तर सही करू नये. पुस्तक छापण्याचा हक्क वेगळा, भाषांतराचा वेगळा, सिनेमा-मालिकेचा वेगळा, ऑडिओचा वेगळा. एक दिला म्हणजे सगळे द्यायलाच हवेत असं नाही. करार समजला नाही तर घरी आणावा, चार दिवस ठेवावा, जाणत्या माणसाला दाखवावा. समोर बसवून ‘आत्ताच सही करा’ म्हणणाऱ्याची घाई आपल्यासाठी नसते.

आता थोडं नाजूक बोलायचं आहे. बायका लिहितात तेव्हा बहुधा घरातलं आणि गावातलं लिहितात. ते छापून आलं की गाव वाचतं. कादंबरीत माणसांची आणि गावांची नावं बदलावीत, एवढंच नाही तर दोन-तीन माणसांचं मिळून एक माणूस करावं. टोपणनावानेही लिहिता येतं. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने आला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या अविवाहित मुलींच्या मनातलं त्यात उघड लिहिलं होतं आणि त्यावर मोठं वादळ उठलं. लेखिका होत्या बाळूताई खरे, पुढे त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. टोपणनावाच्या आडोशामुळे त्या लिहीत राहू शकल्या. पुढे सोलापूरच्या वसाहतीत, ज्यांच्यावर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला होता त्या जमातींच्या लोकांमध्ये त्यांनी नोकरी केली. त्या अनुभवावर त्यांनी ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. नोकरीने त्यांना पगारही दिला आणि कादंबरीही दिली. आपली खुरपणी, शिलाई, ऊसतोड हीसुद्धा लिखाणाची शिदोरीच आहे.

गट काय करू शकतो

पाथर्डीकडच्या त्या गटाने पुढच्या बैठकीत ठराव केला. चाळीस हजारांचं कर्ज द्यायचं नाही, चार हजारांचं द्यायचं. दुसऱ्या एका सभासदाची मुलगी कॉलेजात आहे. तिने पानाला पंधरा रुपये घेऊन १८० पानं टाइप करून दिली. त्याचे सत्तावीसशे झाले आणि तिच्याही फीला हातभार लागला. उरलेल्या पैशात दोन झेरॉक्स, बायंडिंग आणि पोस्टाचा खर्च भागला. कर्ज दहा हप्त्यांत, शिलाईच्या पैशातून फिटतं आहे.

कादंबरीचं काय झालं? अजून पुस्तक झालेलं नाही. एका प्रकाशकाकडून साभार परत आली. दुसऱ्याने उत्तर दिलं नाही. तिसऱ्याने सुरुवातीची चाळीस पानं लांबली आहेत असं कळवलं, म्हणून ताई ती पानं पुन्हा लिहिते आहे. मात्र कादंबरीतल्या आजीच्या प्रकरणाची तिने वेगळी गोष्ट केली आणि ती एका दिवाळी अंकात छापून आली. मानधन मिळालं नाही, अंक मिळाला. तो अंक गटाच्या पेटीत हिशोबाच्या वह्यांबरोबर ठेवलेला आहे आणि पाळीपाळीने घरोघर वाचायला जातो. चाळीस हजारांचा विरोध करणाऱ्या सचिवबाईंनी तो सगळ्यांत आधी नेला.

तुमच्या गटात अशी कुणी असेल तर तिच्यासाठी काही गोष्टी लगेच करता येतील. महिन्याच्या बैठकीत हिशोब झाल्यावर दहा मिनिटं तिला वाचू द्या. ऐकताना नुसतं ‘छान आहे’ म्हणू नका, कुठे समजलं नाही ते सांगा. गावात किंवा जवळच्या मोठ्या गावात सार्वजनिक वाचनालय असेलच. गटातल्या दोघी-तिघींनी सभासद व्हा. लिहायचं असेल तर वाचावं लागतं, आणि बेबीताईंनी तर रद्दीपासून सुरुवात केली होती. दिवाळी अंकांच्या आणि मंडळाच्या जाहिराती दिसल्या की कापून तिच्याकडे द्या. टाइपिंग, झेरॉक्स, पोस्ट यासाठी दोन-चार हजारांचं छोटं कर्ज मागितलं तर ते वाया जाणारं कर्ज समजू नका. आणि मोठी रक्कम मागितली तर तिला हसू नका. कागद-पेन घ्या, तिच्यासोबत बसा आणि हिशोब मांडा.

लिहिणाऱ्या ताईंना शेवटचं एक सांगणं. शिलाईचं गिऱ्हाईक सांभाळा, शेळ्या सांभाळा, गटाचा हप्ता चुकवू नका. पोटाचं काम चालू असलं की प्रकाशकाच्या उत्तराची वाट शांतपणे पाहता येते आणि न पटणाऱ्या करारावर सही करायची वेळ येत नाही. आणि आज रात्री भांडी झाली की पिठाच्या डब्यामागची वही काढा, एक पान लिहा, वर तारीख टाका.